परदेशी प्रदर्शनात नऊ चौरस मीटरचा स्टॉल: वागळे इस्टेटमधून निघण्यापूर्वी

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटला स्टेनलेस स्टीलचे सॅनिटरी व्हॉल्व्ह बनवतो. डेअरी, ज्यूस, सॉस, औषधं अशा कारखान्यांच्या पाइपलाइनवर बसतात ते. मशीन शॉप नवरा आणि दीर बघतात, एक्स्पोर्टचं सगळं माझ्याकडे. त्यामुळे इस्टेटमधल्या किंवा खाडीपलीकडच्या रबाळे-महाप्याच्या कुणाला जर्मनीत नाहीतर दुबईत स्टॉल लावायचा झाला की फोन मला येतो, "वहिनी, जरा सांगा ना, काय काय लागतं?" दर वेळी तेच तासभर बोलते. म्हणून आता लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी पैशाचं बोलते, कारण तिथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. युरोपातलं गिऱ्हाईक पहिल्या प्रदर्शनात सहसा माल घेत नाही, ते तुम्हाला बघून ठेवतं. पुढच्या खेपेला त्याच हॉलमध्ये तुम्ही पुन्हा दिसलात की खरी बोलणी सुरू होतात. त्याच्या बाजूने विचार करा. आमचा व्हॉल्व्ह त्याच्या लाइनवर दहा-पंधरा वर्षं राहणार. पाच वर्षांनी सील बदलायची वेळ आली तर हा ठाण्याचा माणूस फोन उचलेल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. म्हणून मोठा स्टॉल, मोठा टीव्ही, सुटाबुटातली पाच माणसं आणि मग पुढच्या वेळी पैसे नाहीत, यापेक्षा नऊ चौरस मीटरचा स्टॉल आणि दोन खेपांचं बजेट धरा. दुसरी खेप परवडणार नसेल तर पहिलीला जाऊ नका, असं मी तोंडावर सांगते. काहींना राग येतो.

कुठलं प्रदर्शन

हॅनोव्हर मेसेचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. १९४७ पासून चालू आहे, २०१५ साली भारत तिथे पार्टनर कंट्री होता आणि मेक इन इंडियाचा सिंह गाजला होता. पण तिथे रोबोटपासून केबलपर्यंत सगळं असतं. आमच्यासारख्या छोट्या व्हॉल्व्हवाल्याला तिथे शोधत कोण येणार? प्रदर्शन तुमच्या मालाला जेवढं धरून असेल तेवढं बरं. आमच्या कामाची ठिकाणं ठरलेली आहेत: कोलोनचं अनुगा फूडटेक, दर तीन वर्षांनी. फ्रँकफर्टचं अखेमा, केमिकल आणि फार्मावाल्यांचं, तेही तीन वर्षांनी. मधल्या वर्षांसाठी दुबईचं गल्फूड मॅन्युफॅक्चरिंग, दर नोव्हेंबरला. प्लास्टिकवाल्यांसाठी ड्यूसेलडॉर्फचं 'के' आहे, मेडिकलवाल्यांसाठी तिथलंच मेडिका.

निवडायची माझी पद्धत सोपी आहे. मागच्या वेळच्या स्टॉलधारकांची यादी प्रदर्शनाच्या वेबसाइटवर असते. त्यात तुमचे थेट स्पर्धक शोधा. इटलीचा एखादा, तैवानचा एखादा, पुण्याचा एखादा दर वेळी येत असेल तर तिथे धंदा आहे. कुणीही पदरचे पैसे घालून पुन्हा पुन्हा जत्रेला जात नाही. स्पर्धक कुठल्या हॉलमध्ये बसतात तेही बघा, कारण तुम्हाला तोच हॉल मागायचा आहे.

आणि जाण्याआधी गोरेगावच्या नेस्कोत किंवा वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये तुमच्या लाइनचं प्रदर्शन असेल तर एक दिवस काढा. तिथे परदेशी कंपन्यांचे छोटे स्टॉल असतात. एका स्टॉलसमोर लांबून अर्धा तास उभं राहा. समोर कुणी नसताना ती माणसं काय करतात ते बघा. आपल्याकडचे बहुतेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. फरक तिथेच दिसतो.

पॅव्हेलियन की स्वतंत्र

इंजिनिअरिंग मालासाठी ईईपीसी इंडिया ही निर्यातदारांची कौन्सिल बऱ्याच प्रदर्शनांत भारताचं पॅव्हेलियन, म्हणजे भारतीय स्टॉलचं सामायिक दालन, लावते. त्यांचं सदस्यत्व आणि आरसीएमसी, म्हणजे नोंदणी-सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, लागतं; डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी कार्यालयाचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, तर हवाच. पहिल्या खेपेला हे बरं पडतं: भिंती, नावाची पट्टी, टेबल, दिवे तयार मिळतात, आयोजकांशी पत्रव्यवहारही बराचसा तेच करतात. तोटा असा की तुम्ही भारतीयांच्या रांगेत बसता आणि तिथे येणारा बहुधा सगळ्यात कमी भाव शोधत आलेला असतो. पंप-व्हॉल्व्हच्या हॉलमध्ये चालताना सहज थांबणारा इंजिनिअर त्या रांगेत येईलच असं नाही. म्हणून पहिली खेप पॅव्हेलियनमधून, दुसरी आपल्या मालाच्या हॉलमध्ये स्वतंत्र, हे आमचं ठरलेलं.

एमएसएमई मंत्रालयाच्या आणि वाणिज्य मंत्रालयाच्या योजनांतून भाडं, विमान तिकीट यांचा काही भाग परत मिळू शकतो. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी, नोंदणी हवी. अटी आणि मर्यादा बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात संबंधित कौन्सिलला किंवा वागळे इस्टेटच्या टिसा या उद्योजकांच्या संघटनेला, रबाळेवाल्यांनी त्यांच्या टीबीआयए संघटनेला विचारा. पण पैसे आधी तुमच्याच खिशातून जातात, परतावा सवडीने येतो. बोर्डिंग पास, स्टॉलचे फोटो, मूळ बिलं एका पाकिटात जपून ठेवा. हे पैसे बजेटमध्ये धरू नका, आले तर बोनस समजा.

भाडं हा एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा धरून चाला. बाकीचं बांधणी, वीज, मालवाहतूक, विमान, हॉटेल यांत जातं. बिलात बारीकसारीक ओळी येतात. जर्मनीत औमा नावाच्या प्रदर्शन संघटनेसाठी चौरस मीटरला ०.६० युरो लावतात, नऊ मीटरला ५.४० युरो. आमच्या अकाउंटंटने ती ओळ बघून मला तीन फोन केले. ती ठीक आहे, द्या. लक्ष द्यायचं ते वीज आणि फर्निचरच्या ऑर्डरच्या तारखांवर, कारण उशीर झाला की दर चढतात. फ्रिज रात्री चालू ठेवायचा असेल तर चोवीस तासांचा वीजपुरवठा वेगळा मागावा लागतो, नाहीतर संध्याकाळी हॉलबरोबर तुमचाही स्टॉल बंद. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक ओळ शोधावी: ट्रकपासून स्टॉलपर्यंत पेटी नेण्याचे पैसे तिथे वजनावर लागतात, दर १०० पौंडांना, म्हणजे साधारण ४५ किलोंना, एवढे. लोखंड-स्टील नेणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो.

हॉटेल जागेच्या बुकिंगबरोबरच घ्या. प्रदर्शनाच्या आठवड्यात कोलोनचे दर आकाशाला भिडतात. आम्ही ड्यूसेलडॉर्फला राहतो. कोलोनचं मेसे/डॉइट्झ स्टेशन प्रदर्शनाच्या दारातच आहे आणि ठाण्याहून रोज सीएसटी गाठलेल्या माणसाला त्या गाडीतल्या अर्ध्या तासाचं काय कौतुक!

एक सावधगिरी. जागा बुक केली की तुमचं नाव यादीत दिसतं आणि मग 'तुमची माहिती मोफत अपडेट करा' असे फॉर्म येऊ लागतात. दिसायला प्रदर्शनाच्याच कागदांसारखे. खाली बारीक अक्षरांत काही वर्षांचा पैसे भरायचा करार असतो. आयोजकांच्या पोर्टलवर नसलेला कुठलाही फॉर्म सही न करता फाडून टाका.

व्हिसा आणि माणसं

दोन माणसं पुरतात, पण दोन्ही बोलणारी नकोत. एक भाव आणि तारखा सांगणारं, दुसरं माल हाताने बनवणारं. आमच्याकडे वर्षानुवर्षं पॉलिशिंग आणि वेल्डिंग बघणारे एक जण आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. इंग्रजी बेतास बात. त्यांना न्यायचं म्हटल्यावर दिरांनी कपाळाला हात लावला होता. ते का लागतात ते पुढे सांगते.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. आयोजकांकडून स्टॉलधारक असल्याचं पत्र मागवा आणि त्यात माणसांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहून घ्या. अण्णांच्या पासपोर्टवर आडनाव आधी होतं. असल्या क्षुल्लक गोष्टींवर घोडं अडतं.

माल पाठवणं

नमुने परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे ड्युटी न भरता माल तात्पुरता नेऊन परत आणायची पुस्तिका. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालतं, त्यासाठी हमी द्यावी लागते. यादीत प्रत्येक वस्तू, नग, वजन, किंमत लिहायची, आणि यादीतलं जे गेलं ते तसंच्या तसं परत आलं पाहिजे. कुणी कितीही गळ घातली तरी त्यातला एकही व्हॉल्व्ह तिथे विकायचा नाही. पिवळी पानं आपल्या कस्टम्ससाठी, पांढरी तिकडच्या. निघताना तिकडच्या कस्टम्सचा पुन्हा-निर्यातीचा शिक्का राहिला तर माल तिथेच विकला असं धरून ड्युटीची मागणी महिन्यांनी घरी येते. त्यामुळे परतीच्या विमानाला दोन तास जास्तीचे ठेवा. कॅटलॉग, पेन, खाऊ हे वाटून संपणारं सामान कार्नेटमध्ये टाकू नका, त्याचं वेगळं इनव्हॉइस करा आणि त्यावर खरी किंमत लिहा.

लाकडी पेटीबद्दल जरा थांबून सांगते. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून असलेल्या नियमाचं नाव आयएसपीएम १५. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. प्लायवूडला यातून सूट आहे. म्हणून पॅकिंगवाला म्हणतो, "मॅडम, प्लायची पेटी आहे, काही लागत नाही." आणि त्याच पेटीच्या बुडाला फोर्कलिफ्टसाठी अख्ख्या लाकडाच्या पट्ट्या ठोकतो! त्या पट्ट्यांना शिक्का लागतो. रबाळ्याच्या एका ओळखीच्या उद्योजकाची पेटी याच पट्ट्यांपायी बंदरात अडकली आणि ते प्रदर्शनाचे पहिले दोन दिवस फोटो दाखवत बसले. पेटी उलटी करून स्वतः बघा. बघितल्याशिवाय टेम्पोत चढवू देऊ नका.

समुद्रमार्गे जाणार असाल तर भरपूर आधी निघा. २०२३ च्या अखेरीला लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच जहाजांनी केप ऑफ गुड होपचा वळसा धरला आणि न्हावा शेवा ते उत्तर युरोप दहा-पंधरा दिवसांनी लांबलं. बुकिंगच्या वेळी जहाज कुठल्या मार्गाने जाणार ते विचारा. आमचा माल थोडा, म्हणून आम्ही विमानानेच पाठवतो. सगळ्यात महत्त्वाचा एक नमुना मात्र माझ्या चेक-इन बॅगेत, स्वतंत्र कागदांसह. केबिन बॅगेत स्टीलचा गोळा घेऊन सिक्युरिटीला उभं राहायची हौस असेल तर तुमची तुम्ही भागवा. पॉलिश पुसायचं आयपीए (एक ज्वलनशील अल्कोहोल) आणि स्प्रेचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते तिकडेच घ्यायचे. पण मंगळवारी सुरू होणाऱ्या प्रदर्शनाला माणूस रविवारी पोचतो आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद! मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी असतात. शनिवारी पोचा, नाहीतर सोमवारी सकाळची वेळ खरेदीसाठी राखून ठेवा.

स्टॉलवर काय लावायचं

तीन बाय तीनच्या जागेत अख्खा कॅटलॉग मांडू नका. आम्ही एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह, एक सीट व्हॉल्व्ह आणि त्या दोघांचे कापलेले नमुने ठेवतो, बाकी सगळं कपाटात. कापलेल्या नमुन्यात सील कशी बसते, आत दूध साचेल असा कोपरा आहे का, ते दिसतं. येणाऱ्याला तेच बघायचं असतं.

पाठीमागच्या पाटीवर आपण काय लिहितो? 'आयएसओ प्रमाणित, ग्राहकसमाधानास बांधील.' हे तिथे कुणी वाचत नाही. आमच्या पाटीवर मालाचं नाव आणि खाली चार गोष्टी असतात: १.४४०४, आरए ०.८ मायक्रॉनच्या आत, डीआयएन ११८५१ आणि क्लॅम्प, ३.१ सर्टिफिकेट. स्टेनलेस स्टीलच्या ज्या प्रतीला आपण ३१६एल म्हणतो तिला जर्मन माणूस १.४४०४ म्हणतो. आरए म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप, जितकं कमी तितका गुळगुळीत. डीआयएन ११८५१ आणि क्लॅम्प हे पाइप जोडायचे प्रकार. ३.१ म्हणजे ईएन १०२०४ या युरोपीय मानकानुसार मालाच्या हीट नंबरसकट (धातूच्या ज्या वितळणीतून माल बनला तिचा नंबर) येणारं तपासणीचं सर्टिफिकेट. हे आकडे बघून कामाचा माणूस आपोआप थांबतो आणि बिनकामाचा पुढे जातो. तुमच्या धंद्यातही असे चार आकडे असतील, ते काढा. अक्षरं डोक्याच्या वर येतील अशी लावा, कारण कमरेच्या उंचीवरचं सगळं समोर उभ्या माणसांनी झाकलं जातं.

छापील कापड ठाण्यातूनच न्यायचं असेल तर ते जर्मनीच्या डीआयएन ४१०२ प्रमाणे बी१ वर्गाचं, म्हणजे लवकर न पेटणारं, आहे असं सर्टिफिकेट प्रिंटरकडून लेखी घ्या. "फायरप्रूफच आहे हो" यावर तिथला तपासनीस हसतो. ते नसेल तर तिकडेच छापून घ्या. गणपती न्या, आम्हीही नेतो, कपाटात वरच्या फळीवर. पण हॉलमध्ये उदबत्ती-निरांजन नाही, नारळ हॉटेलच्या खोलीतही नको. हात जोडा आणि कामाला लागा.

वीज २३० व्होल्टच, पण आपली तीन गोल पिनांची प्लग त्यांच्या सॉकेटात बसत नाही. दुबईत चौकोनी पिनांची, इंग्लंडसारखी. थ्री-फेज डेमो असेल तर लाल औद्योगिक सॉकेट कितीचं, १६ अँपिअर की ३२, ते फॉर्मवरच ठरवा. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली मोटर तिथे तशीच लावायची नाही.

सीई, म्हणजे माल युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारी खूण, तिच्याबद्दल दोन ओळी, कारण यात आपली लोकं दोन्हीकडून घोळ घालतात. सीईच्या पूर्ततेविना असलेलं मशीन युरोपात प्रदर्शनात मांडता येतं, पण 'हे नियमांत बसत नाही, बसवल्याशिवाय विक्रीला नाही' अशी स्पष्ट पाटी लावावी लागते. उलट आमच्यासारख्यांचे लहान व्हॉल्व्ह प्रेशर इक्विपमेंटच्या (दाबाखाली चालणाऱ्या उपकरणांच्या) २०१४/६८ या युरोपीय निर्देशातल्या कलम ४(३) मध्ये बसतात, आणि त्याखाली सीई लावायचंच नसतं. तरी हौसेने लावणारे आहेत. कळणारा माणूस ते बघून पाठ फिरवतो.

स्टॉलवर उभं राहणं

बसू नका, खाऊ नका, दोघांनी एकमेकांशी मराठीत गप्पा ठोकत पाठ करू नका. "मे आय हेल्प यू सर" म्हटलं की समोरचा "नो, थँक्स" म्हणून सुटतो. मी विचारते, "तुमच्या लाइनवरून काय जातं?" दही म्हणाला तर एक गोष्ट, टोमॅटो सॉस म्हणाला तर दुसरी. त्याला त्याच्या कारखान्याबद्दल बोलायला लावलं की पुढचं सोपं.

आता अण्णा. आमच्या टेबलावर कॅटलॉगच्या जागी रफनेस टेस्टर असतो. हाताच्या पंज्याएवढं यंत्र, त्याची सुई पृष्ठभागावरून सरकते आणि आरए आकड्यात येतो. कोलोनला एक प्रौढ जर्मन गृहस्थ आले, काही न बोलता कापलेल्या व्हॉल्व्हच्या आत नख फिरवू लागले. मग वेल्डच्या कडेवर बोट ठेवून भिवई उंचावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी टेस्टर त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "यू चेक." त्यांनी तीन ठिकाणी तपासलं, मुद्दाम वेल्डजवळ. ०.४ च्या आसपास आकडे आले. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच्या खिशातून आणलेला एक तुकडा त्याच टेस्टरवर लावून बघितला, म्हणजे आमचं यंत्र खोटं बोलत नाही ना! मग खुर्ची ओढली आणि अण्णांना विचारलं, वेल्डिंगला आतून गॅस कुठला आणि किती वेळ सोडता. अण्णांनी आर्गॉन, फ्लो, वेळ सगळं कागदावर काढून दाखवलं. तो अर्धा तास मी फक्त कॉफी दिली. दाखवायला काहीतरी असं ठेवा की समोरचा स्वतःच्या हाताने तुमची परीक्षा घेईल.

कॉफी मात्र हवीच, ती भाड्याने मिळते. खाऊ म्हणून पेढे-बर्फी नेऊ नका, युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आम्ही लोणावळ्याची चिक्की नेतो, वर शेंगदाणे असल्याची चिठ्ठी लावून, कारण तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी फार गांभीर्याने घेतात.

प्रत्येक भेटीची नोंद तिथल्या तिथे, कार्ड वहीत स्टेपल करून: लाइनवर काय जातं, साइज, आत्ता कुणाचा व्हॉल्व्ह वापरतात, काय त्रास आहे, आपण काय पाठवायचं कबूल केलं. कपड्यांची खूणही लिहा, 'निळा मफलर', नाहीतर संध्याकाळी म्युलर आडनावाचे सगळे एक होतात. मेलिंग लिस्टमध्ये नाव घालायला विचारून संमती घ्या, तिकडे डेटाचा कायदा कडक आहे.

भाव युरोत, एफओबी न्हावा शेवा, म्हणजे तिथे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च आमचा, पुढचा त्याचा. नमुन्याच्या छोट्या ऑर्डरला त्याच्या दारापर्यंतचा भाव तयार ठेवा, कारण पाच व्हॉल्व्हसाठी तो क्लिअरिंग एजंट शोधत बसणार नाही. "बेस्ट प्राइस" असं मोघम बोलू नका. आकडा सांगा आणि तो किती दिवस धरून राहील तेही सांगा.

एजंट होऊ पाहणारे

दुसऱ्या दिवसापासून हे येतात. गोड बोलतात, "अख्ख्या युरोपची एजन्सी मला द्या." हात मिळवायची घाई करू नका. युरोपीय संघात कमिशन एजंटला कायद्याचं संरक्षण आहे, १९८६ च्या निर्देशापासून. जर्मनीत करार मोडताना एजंटला भरपाई मागता येते, ती त्याच्या सरासरी वार्षिक कमिशनएवढ्या रकमेपर्यंत जाऊ शकते. म्हणून लेखी, एकाच देशापुरता, मुदतीचा करार, आणि किमान विक्रीचा आकडा त्यात. स्वतःच्या नावावर माल विकत घेऊन विकणारा वितरक वेगळा, त्याचे नियमही वेगळे. सही करण्याआधी वकिलाचे पैसे खर्च करा, ते वसूल होतात. आणि त्या माणसाला एक साधा प्रश्न विचारा: आत्ता कुणाचा माल विकता आणि त्यांचा स्टॉल इथे कुठे आहे? दोन हॉल चालून जा आणि त्या स्टॉलवर विचारा.

रात्रपाळी

आपल्या घड्याळाचा फायदा कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. हिवाळ्यात जर्मनी आपल्यामागे साडेचार तास असते, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, ते आधी बघून ठेवा. संध्याकाळी सहाला हॉल बंद होतो तेव्हा ठाण्यात साडेदहा वाजलेले असतात. मी गाडीत बसल्या बसल्या वहीच्या पानांचे फोटो आणि कोणाला काय हवं ते कारखान्याच्या ग्रुपवर टाकते. सकाळी नऊला ठाण्यात ऑफिस उघडतं तेव्हा कोलोनला पहाटेचे साडेचार. ड्रॉइंगवाला मुलगा आणि कॉस्टिंग बघणारे दीर यांना पूर्ण साडेचार तास मिळतात. मी स्टॉलवर पोचते तेव्हा काल विचारलेल्या साइजचं ड्रॉइंग आणि भाव माझ्या मेलमध्ये असतो, आणि कालच्या माणसाच्या मेलमध्येही. तो प्रदर्शनातून घरी जायच्या आत. पुष्कळ मोठ्या कंपन्यांचा मेल त्याला पंधरवड्यानंतर येतो, छापील मजकुराचा. यासाठी त्या आठवड्यात ऑफिसमधल्या कुणालाही रजा नाही आणि कुरकुर चालत नाही. परत आल्यावर उपवनला सगळ्यांना जेवण माझ्याकडून.

शेवटच्या दिवशी दुपारीच खोकी भरायला घेऊ नका. वेळेआधी स्टॉल मोडणं बहुतेक करारांत मना असतं, आणि शेवटच्या दोन तासांत गर्दी ओसरल्यावर शेजारचे स्टॉलवाले येतात. आमचे दोन चांगले संबंध शेजाऱ्यांतूनच जुळले, एक पंपवाला आणि एक टाक्या बनवणारा. व्हॉल्व्ह त्यांनाही लागतात. त्याच दिवशी आयोजकांच्या ऑफिसात जाऊन पुढच्या खेपेच्या जागेची विचारणा करून ठेवा, शक्यतो त्याच हॉलमध्ये.

ठाण्यात उतरल्यावर तीन आठवडे कामाचे. ज्यांनी ड्रॉइंग मागितलं त्यांना फोन. ज्यांनी नुसती चौकशी केली त्यांना नमुन्याचं ३.१ सर्टिफिकेट आणि एक प्रश्न. नुसते चिक्की खाऊन गेलेले पुढच्या आमंत्रणापर्यंत तसेच राहू द्या. पहिली ऑर्डर आली की आनंदाच्या भरात उधारी देऊ नका: पहिल्या ऑर्डरला आगाऊ रक्कम, दुसरीला अर्धी आगाऊ आणि अर्धी मालाची कागदपत्रं देताना, आणि त्यानंतर उधारी द्यायचीच असेल तर आधी ईसीजीसी या निर्यात-उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे त्या खरेदीदाराची पत तपासून विमा घ्या. पुढच्या प्रदर्शनाच्या दोन महिने आधी वहीतल्या प्रत्येकाला हॉल आणि स्टॉल नंबर कळवा, आणि मागच्या वेळी त्याने सांगितलेल्या त्रासाचं पुढे काय झालं तेही त्याच मेलमध्ये विचारा.